खुंटा पक्का, माती दगाबाज

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या.

सकाळी सुहासिनीने तिच्या बाबांसाठी पान वाढून मागच्या दारच्या लाकडी डेकवर ठेवलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, आणि त्यांना आवडायची म्हणून अळूवडी. बाबा गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरला वारले. आमच्या व्हिसाच्या भानगडीत तिला जाता आलं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

कावळा आला नाही. इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या कावळ्यांना आपली तिथी कोण कळवणार? संध्याकाळी एक रॅकून, मांजराएवढा, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला रानटी प्राणी, डेकवर चढला. दोन्ही हातांनी आधी अळूवडी उचलली, मग सगळं पान साफ केलं. सुहासिनी काचेमागे उभी राहून बघत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी ताबडतोब ओळखलं. संताप.

संकल्प: हा रॅकून पकडायचा. त्याशिवाय सुहासिनी पूर्वीसारखी होणार नाही. नवऱ्याने एवढं तरी करावं.

२३ सप्टेंबर, मंगळवार.

जेवताना संकल्प जाहीर केला. सुहासिनी म्हणाली, राहू दे रे. म्हणजे मला त्रास नको. अशा दुःखातही तिला माझी काळजी. आन्याने (आमची मुलगी, अकरावीत आहे, मराठी कळतं, बोलत नाही) विचारलं, व्हॉट डिड ही इव्हन डू? तुझ्या आजोबांचं पान खाल्लं, म्हटलं. ती म्हणाली, मेबी आजोबा इज ओके विथ इट. या पिढीला भावना नाहीत.

प्राणी पकडण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला.

२७ सप्टेंबर, शनिवार.

परवाना आला. कुणी विचारलं नाही, तरी फ्रिजवर लावला. पिंजराही आला. आत खाणं ठेवायचं, प्राणी शिरला की दार पडतं. इजा नाही. नंतर दूर कुणाच्या तरी शेतावर नेऊन सोडायचा. शेतवाला तयार आहे.

मागच्या गल्लीतला अमित अमरावतीचा, सल्ला न मागता देतो. त्याने सांगितलं, पिंजरा नुसता ठेवू नको. रॅकून आत धिंगाणा घालतो, पिंजरा उलटतो, दार उघडतं, तो पसार. पिंजरा जमिनीला जखडायचा. आणि कशाने जखडायचा ते माती ठरवते.

हे ऐकून मला झोप लागेना. मी व्यवसायाने सिस्टिम आर्किटेक्ट. आमच्या मागच्या अंगणात चार प्रकारची माती आहे. लॉनखाली बिल्डरने भरलेली चिकणमाती. अळूच्या वाफ्यात भुसभुशीत खतमाती. आन्याच्या जुन्या सँडबॉक्समध्ये वाळू. कुंपणाशी दगडगोटे, वर लाकडाचा भुसा. हे माझ्याइतकं खोलवर अमितला सुचलं नसतं.

२८ सप्टेंबर, रविवार.

चिकणमाती. सगळ्या व्हिडिओंत सांगितलंय, घट्ट मातीत साधी लोखंडी सळई पुरे. महिनाभर पाऊस नाही. सळई वीतभर गेली आणि वाकली. दुसरीही वाकली. हाताला फोड आले. सुहासिनीने न बोलता मलम आणून दिलं. मलम दिलं म्हणजे संवाद सुरू झाला.

५ ऑक्टोबर, रविवार.

काल लॉनवर दिवसभर पाणी सोडून ठेवलं. सळई शिऱ्यात चमचा जावा तशी गेली. पिंजऱ्यात मांजराचं खाणं आणि मार्शमेलो.

आज सकाळी पिंजरा आडवा, दार उघडं, आत कुणी नाही. सळई बाजूला पडलेली. निदान: ओली चिकणमाती वाळेपर्यंत काहीही धरून ठेवत नाही. घर घेताना ही माती दाखवून बिल्डरने केवढं कौतुक केलं होतं. दगाबाज माती, दगाबाज बिल्डर.

सुहासिनीच्या चपला डेकच्या दाराशी चिखलाने बरबटलेल्या दिसल्या. मी पाणी फार सोडलं, तिला उगाच त्रास. सॉरी म्हणायचं राहून गेलं.

११ ऑक्टोबर, शनिवार.

अळूचा वाफा. भुसभुशीत मातीत सरळ सळई निरुपयोगी. तारेच्या टोकाला बोटभर लोखंडी तुकडा असतो, तो खोल ठोकायचा आणि तार वर ओढायची. तुकडा आत आडवा होऊन बसतो. कल्पना अप्रतिम.

छान मऊ गेला. मध्ये एकदा कशाला तरी अडला, जोर केला, मग गेला. त्यानंतर घरातलं इंटरनेट बंद पडलं. दोन्ही गोष्टींचा संबंध नसावा.

तार ओढून पाहिली. तुकडा अळूच्या अख्ख्या गड्ड्यासकट वर आला. बाबा इथे आले होते तेव्हा त्यांनी लावलेला गड्डा. सुहासिनीने येऊन तो पुन्हा लावला आणि बराच वेळ तिथेच उकिडवी बसली. मी म्हटलं, मुळाला कंपोस्ट घाल, पाणी कमी कर, आणि खरं तर थंडीआधी कुंडीत हलव. तीन उपाय दिले. ती आत गेली.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

संबंध आहे. माणूस येऊन तुटलेली केबल दाखवून गेला. सकाळची मीटिंग लायब्ररीच्या पार्किंगमधून केली. मॅनेजरने कारण विचारलं. मातीचा प्रश्न आहे, म्हटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार.

वाळू. वाळूत सगळं जातं आणि सगळं निघतं. म्हणून पिळाचा खुंटा, कुत्र्याला बांधतात तो. एक नाही, दोन, तिरके, एकमेकांना साखळीने जोडलेले. काल संध्याकाळी मी स्वतः पिंजरा ओढून पाहिला. माझी पाठ धरली, खुंटा हलला नाही.

आज सकाळी पिंजरा जागच्या जागी. खुंटे पक्के. पण दार उघडं आणि आत कुणी नाही. आत तूप लावलेल्या पोळीचा तुकडा. मी पोळी ठेवली नव्हती. रॅकून दुसऱ्या कुणा देशी घरून घेऊन आला असणार. म्हणजे त्याची इतरत्रही ऊठबस आहे.

नवा सिद्धांत: खुंटा फार पक्का असला की प्राण्याला जोर लावायला आधार मिळतो. आपणच त्याला मदत करतो. हे कुठल्याही व्हिडिओत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळी.

अमितकडे फराळ. चारचौघांना मातीचा सिद्धांत समजावला. वाळूपर्यंत आलो तेव्हा समोर एकटे सोफ्यावरचे काका उरले होते. त्यांना झोप लागली होती. बाकी सगळे चकलीकडे.

अमितची बायको दीपा स्वयंपाकघरात सुहासिनीला विचारत होती, येतात का अजून? मी पाणी घ्यायला गेलो तर दोघी गप्प झाल्या. बायकांचं काहीतरी असेल. निघताना अमितने पाठीवर थाप मारली. म्हणाला, ठोकत राहा यार. असा मित्र हवा.

सुहासिनी गाडीत हसली. कशाला ते सांगितलं नाही. पण हसली. मोहीम योग्य मार्गावर आहे.

९ नोव्हेंबर, रविवार.

कुंपणाजवळ दगडगोटे. दगडांच्या फटीत सळया तिरक्या, कात्रीसारख्या. शिवाय दाराला बाहेरून गिर्यारोहकांची कडी लावली, दार पडल्यावर आपोआप अडकेल अशी. रॅकूनला आतून ती उघडणं अशक्य.

सकाळी दार उघडं. कडी तुटलेली नाही. डेकच्या खिळ्याला नीट अडकवून ठेवलेली. या प्राण्याच्या बुद्धीपुढे मी नतमस्तक आहे. वस्तू जागेवर ठेवायची सवय आन्याला सोळा वर्षांत लागली नाही.

गल्लीच्या ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं. समोरच्या बाईंनी उत्तर दिलं, डझ युवर वाइफ लाइक अ‍ॅनिमल्स? विषय काय, ही विचारते काय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग.

सुट्टी. विचार केला. चारही मात्यांनी मला फसवलं. व्हिडिओवाल्यांनी फसवलं. हार्डवेअरच्या दुकानातला माणूस मला पाहून हल्ली शेल्फांमागे वळतो. पण सुहासिनीने एकदाही हिणवलं नाही. शनिवारी सकाळी स्वतःहून थर्मासमध्ये चहा भरून देते, टोपी देते. गेल्या शनिवारी म्हणाली, आज नाही का ठोकायचं? या घरात माझ्या बाजूने एक माणूस आहे. तेवढ्यावर मी लढू शकतो.

६ डिसेंबर, शनिवार.

जमीन गोठली. लोक म्हणतात आता काही होत नाही. उलट. गोठलेली माती ही जगातली सर्वोत्तम माती. ड्रिलने भोक पाडायचं, सळई घालायची, वरून पाणी ओतायचं. तासाभरात सिमेंट. ही सळई आता मार्चशिवाय ब्रह्मदेवालाही निघणार नाही.

आणि कॅमेरा लावला. आवाजासकट. रॅकूनचं तंत्र एकदा कळलं की संपलं.

७ डिसेंबर, रविवार, सकाळी.

पिंजरा रिकामा. खुंटा पक्का. कॅमेरा पाहिला.

रॅकून आत शांत बसलेला. जराही धिंगाणा नाही. उजाडता उजाडता डेकचं दार उघडतं. सुहासिनी येते. अंगात माझं जाकीट. कडी काढते, दार उघडते, कडी खिळ्याला लावते. तो पळत नाही. तिथेच बसतो. ती पोळीचे तुकडे करून ठेवते आणि बर्फात पाट ठेवून बसते.

आणि बोलते. बाबा, आज पोळी जरा करपली. बाबा, आन्याला कॉलेजसाठी लांब जायचंय, मला भीती वाटते. बाबा, शेवटच्या दिवशी तुम्ही फोनवर काय म्हणालात ते मला नीट ऐकू आलं नाही हो.

मी दोनदा पाहिलं. वर्षभरात मला मिळालेल्या सगळ्या शब्दांपेक्षा हे शब्द जास्त आहेत.

त्याच दिवशी, दुपारी.

अमितला फोन केला. तो म्हणाला, अरे तुला खरंच माहीत नव्हतं? दीपाला सप्टेंबरपासून माहीत. आन्याला माहीत. इथल्या मराठी मंडळात बहुतेकांना माहीत. फराळाला आलेले काकासुद्धा मला पाहून झोपेचं सोंग घेऊन होते.

मला दगा झाला आहे. माझ्या घरात, माझ्या जाकिटात. मी तिच्यासाठी हात फोडून घेतले, आणि ती कडी खिळ्याला लावत होती. चहा देत होती. टोपी देत होती. मातीला मी दोन महिने शिव्या दिल्या. माती बिचारी जमेल तेवढं धरून होती.

संकल्प: आज स्पष्ट बोलायचं. आवाज चढवायचा नाही, पण जाब विचारायचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

विचारला. आन्या खोलीत होती, आम्ही दोघंच. सुहासिनी घाबरली नाही. म्हणाली, तो रॅकून आहे हे मला कळतं रे, मी वेडी नाही. पण त्या दिवशी पान शिवलं गेलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मी म्हटलं, मग पहिल्याच दिवशी सांगायचंस. मी तेव्हाच थांबलो असतो. एक सळईसुद्धा ठोकली नसती.

ती म्हणाली, म्हणूनच नाही सांगितलं.

मला कळलं नाही. मग तिने सावकाश सांगितलं. तू शनिवार-रविवार बाहेर ठोकत असायचास, तेवढा वेळ मला घरात नीट रडता यायचं. तू समोर असलास की रडता येत नाही. तू लगेच उपाय सांगतोस.

ऐकता ऐकता मला यावर एक चांगला उपाय सुचला होता. तोंडापर्यंत आला होता. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, सिद्धेश, जरा बाहेर जाऊन येतोस का?

टोपी तिनेच दिली. बाहेर गेलो. करण्यासारखं काही नव्हतं. पिंजरा पुसला, मग उभा राहिलो. तासाभराने आत आलो तेव्हा तिचे डोळे सुजले होते आणि चेहरा खूप दिवसांनी स्वच्छ दिसत होता. म्हणाली, आलास? पुढच्या शनिवारी काय ठोकणार आहेस?