डावा पंजा

वडाळा,
१२ सप्टेंबर

प्रिय हेरंब,

सप्रेम नमस्कार. पत्त्यावरून कळलंच असेल, चार दिवसांसाठी कालच आईकडे आलेय. मनवा बरी आहे. लाडूलाही आणलंय, आई कुरकुरतेय, पण भाकरी तीच घालते त्याला. फोनवर तात्यांचा विषय काढला की तू "बाबा आहेत ते, जाऊ दे" म्हणून ठेवतोस, म्हणून पत्र.

तात्या लाडूला हात द्यायला शिकवत होते तो व्हिडिओ तू पाहिलास. कुत्रं डावा पंजा पुढे करतं आणि तात्या त्यावर स्टीलची पट्टी मारतात, "डावा नको, उजवा दे!" फॅमिली ग्रुपवर सगळे हसले. व्हिडिओ मी काढला होता. हसलेही.

सोमवारी पंजा सुजला. लाडूला परळला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "हाड धरताना, दार खरवडताना कुठला पाय पुढे करतो?" म्हटलं, डावा. "मग डावराच आहे. कुत्र्यामांजरांतही असतात. मारू नका हो त्याला."

घरी हे सांगितलं तर तात्या चहा पीत म्हणाले, "कुत्र्याला कसलं आलंय डावं-उजवं! वळण लावलं की लागतं. हेरंबला नाही लावलं?" आणि हसले. तुझी वाकडी करंगळी दारात सापडली होती ना रे? मला तरी तू तसंच सांगितलंस. त्या हसण्याची अशी किळस आली की समोरचा चहा मी मोरीत ओतला.

तरीही दोन दिवस तिथेच राहिले. हे लिहायलाच नको वाटत होतं. मनवाने डावा हात पुढे केला की तात्या प्रसाद देत नाहीत, हे मी वर्षभर बघतेय. मी तिला हळूच म्हणायची, "दे ना उजवा, बाळा."

काल तात्या खाली गेले होते आणि बाहेरच्या खोलीतून पट्टीचा आवाज आला. मला वाटलं, लाडू. मनवा एकटी जमिनीवर बसली होती. उजव्या हातात पट्टी घेऊन स्वतःच्या डाव्या बोटांवर मारत होती. "घाण हात," म्हणत होती. रडत नव्हती, हेरंब.

 तात्यांपेक्षा माझीच किळस जास्त आली.

मला समजवायला येऊ नकोस. आधी तात्यांसमोर बस आणि करंगळी कशी मोडली ते तुझ्या तोंडाने त्यांना सांग. मग आम्हाला न्यायला ये. नाहीच जमलं, तर मनवाला काय सांगू तेवढं कळव.

आज "तुझी" लिहवत नाही.

मनवाची आई,
पद्मजा