ट्रॉलीवरचं बी.एड.

सोमवार, कुरुंदा

आज हिंगोलीला शिक्षिकेच्या जागेसाठी कागदपत्रं तपासताना साहेब म्हणाले, "तुमच्या कॉलेजच्या बी.एड.ला दिल्लीची मान्यताच नाही. ही डिग्री चालत नाही." मान्यताच नव्हती? मग दोन वर्षं वर्गावर पाठ घेतले, परीक्षा दिल्या, ते काय होतं?

एसटीतून उतरले तर समोर आमचीच हळदीची ट्रॉली. मागं आबांनी कौतुकानं रंगवून घेतलेलं, 'कु. ज्योती, बी.एड.' आज ते वाचवेना.

सगळं सांगायचं ठरवूनच घरात शिरले. आबाच हसत म्हणाले, "बराबर आलीस. धाकटीचं ॲडमिशन करून आलो, तुझ्याच कॉलेजात. ट्रॉलीवर तुझ्या नावाखाली जागा हायेच."

मी "व्हय" म्हणाले. काहून म्हणाले?