दोनपासून मोजणारी मालू

रोहा,
२ जानेवारी १९८०

ती. सरूवन्सं यांस,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या भावाला या आठवड्यात कंपनीत रात्रपाळी आहे, त्यामुळे दिवसभर घरात कुजबुजत बोलावं लागतं. पत्राचं बरं, लिहिताना आवाज होत नाही.

वन्सं, मला मालूची फार काळजी लागली आहे. चार वर्षांची होत आली. काल बालवाडीच्या बाईंनी मला थांबवून सांगितलं, की मुलीला साधं एक म्हणता येत नाही. पुढ्यात चिंचोके मांडले की पहिल्याला ओठ मिटून घेते आणि दोनपासून सुरू करते. एकच चिंचोका दाखवून किती विचारलं, तर खाली बघते. समज कमी दिसते, वर्षभर घरीच ठेवा, असं त्यांचं म्हणणं. बाई मुंबईत शिकून आल्यात, मनगटाला घड्याळ आहे, मी काय बोलणार?

हे सासूबाईंना सांगायला नको होतं. पण त्या निडीहून वालाच्या शेंगा घेऊन आल्या, आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्या म्हणाल्या, की शाळा जमत नाय तर पोर मला दे, संक्रांत झाली की निडीला नेते, गुरं तरी राखील. ह्यांनी झोपेतच हो म्हटलं. दिवाळीनंतर मालू महिनाभर तिकडे राहिली, तेवढ्यात मला घर खायला उठलं होतं. मला माझी मुलगी द्यायची नाही, आणि सासूबाईंना नाही म्हणायची छाती नाही. तुम्ही पेणला इतकी वर्षं बालवाडी चालवता, काहीतरी युक्ती कळवा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
सगुणा

---

पेण,
५ जानेवारी १९८०

चि. सौ. सगुणा हिस,
सरूचे अनेक उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग अक्षरांवरचे पाण्याचे डाग बघून वाईट वाटलं. ते डाग डाळीचे असतील तर कळव, माझं वाईट वाटणं मी परत घेते.

मुलाची समज एका चिंचोक्यावरून ठरत नाही गं. माझ्याकडे बावीस पोरं आहेत. त्यातला कान्हू पहिले आठ महिने तोंडातून शब्द काढत नव्हता, आणि काढला तेव्हा माझीच चूक दाखवली. मूल आधी बघतं, मग आत साठवून ठेवतं, आणि आपल्याला वाटतं ते नुसतं बसलंय. तू एक कर. तिच्यासमोर दोन वाट्यांत सारखं दूध घे. एका वाटीतलं उंच पेल्यात ओत आणि जास्त कशात ते विचार. गंमत बघ. आणि ती मोजते तेव्हा आडून बघ. समोर बसून परीक्षा घेतली की मोठी माणसंही गांगरतात. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या भावाचं काय झालं होतं, आठवतं ना?

आईचं म्हणशील, तर ती गुरांसाठी पोर मागत नाही. गुरं बघायला चुलतभाऊ जगन आहे. आमचे दादा, तुझे सासरे, गेल्यापासून त्या घरात संध्याकाळी तिच्याशी बोलायला कुणी नाही, हे ती जिभेवर येऊ देणार नाही.

एसटीच्या कंडक्टरबरोबर पोह्याचे पापड पाठवलेत. सगळे माझ्या भावाला, महिपतीला, घालू नकोस.

तुझी खोडी काढल्याशिवाय चैन न पडणारी,
सरू

---

रोहा,
८ जानेवारी १९८०

ती. सरूवन्सं यांस,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

दुधाची परीक्षा झाली, मालू नापास. म्हणाली, पेल्यात जास्त. मी रडवेली झाले. तेवढ्यात हे उठले, म्हटलं यांनाही विचारावं. तर यांनीही पेलाच उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. तेव्हा हा दोष तुमच्याकडचा आहे, माझ्या माहेरच्या मिठागरावरच्या माणसांचा नव्हे.

मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे दाराआडून पाहिलं. मालूनं ओट्यावर शेंगा ओळीनं मांडल्या होत्या. पहिलीवर बोट ठेवलं, ओठ हलले, आवाज नाही. मग दोन, तीन, चार, थेट बारापर्यंत, एकही न गाळता. दोरीवरच्या कपड्यांचंही तेच. वन्सं, ती पहिलीला वगळत नाही, तिला मनातल्या मनात काहीतरी म्हणते! मी पुढे होऊन एक म्हण म्हटलं, तर मलाच वेड लागल्यासारखी बघत राहिली. शेजारच्या जनीचा मुलगा सांगतो, की वर्गात पहिल्यांदा मोजताना ती काहीतरी बोलली आणि सगळे हसले, बाईसुद्धा. काय बोलली ते त्याला आठवत नाही, हसलेलं तेवढं आठवतं.

सासूबाई संक्रांतीला येताहेत. पोरीचे कपडे न्यायला रिकामी पिशवी आणणार असा निरोप आहे. लवकर लिहा.

पापड मिळाले. निम्मे लपवून ठेवलेत.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सगुणा

---

पेण,
१० जानेवारी १९८०

चि. सौ. सगुणा हिस,
सरूचे अनेक उ. आशीर्वाद.

अगं वेडे, पोर लाभ म्हणते!

निडीला महिनाभर ती कुणाजवळ होती? आईजवळ, खळ्यावर. आई भात मापायला बसली की पहिल्या पायलीला एक म्हणत नाही, लाभ म्हणते. मग दोन, तीन. आमच्याकडे सगळे तसंच मापतात. एक म्हटलं तर बरकत जाते अशी समजूत. तू मिठागराची लेक, खळ्यावर भाकऱ्यांची पाटी ठेवून मागं फिरणार, तुझ्या कानावर कुठून पडणार? पण पोरीनं ऐकलं, आणि कुणी न शिकवता स्वतः नियम काढला, की मोजायला लागलं की सुरुवात लाभनं. शेंग असो की चड्डी असो. हे मंद डोक्याचं काम आहे होय? नियम चुकला असेल, पण तो तिनं स्वतः बनवलाय. दुधाचंही तसंच. या वयात सगळी पोरं उंच पेल्याला भुलतात, दोन-तीन वर्षांत आपोआप उमजतं. माझ्या भावाला मात्र वयाची सबब नाही.

तो हे विसरला याचंच नवल. पहिलीत लाभ म्हटलं म्हणून गुरुजींनी त्याचा कान पिळला होता आणि मी खिडकीतून खदखदून हसले होते. आज त्याची लाज वाटते.

आता नीट ऐक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंना बोलाव. त्या आल्या की आईला तांदूळ मापायला बसव, मालूला शेजारी. आणि तू तोंड उघडू नकोस. जमलं तर.

आशीर्वाद तिघांनाही, उपदेश फक्त तुला,
सरू

---

रोहा,
१७ जानेवारी १९८०

ती. सरूवन्सं यांस,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

मी तोंड उघडलं नाही. आधी हे सांगते, कारण तेच सर्वांत अवघड होतं.

बाई आल्या. सासूबाईंनी निडीचे तांदूळ ओतले, पायली भरली आणि लाभ म्हणाल्या. मालूही खणखणीत लाभ म्हणाली. बाईंचा तिळगुळाचा हात तोंडाशीच थांबला. त्यांनी हा कसला आकडा म्हणून विचारलं, तर सासूबाईंनी त्यांनाच विचारलं, की कंच्या शाळंत शिकलात, तांदूळ मापता येत नाय ते? बाई कानापर्यंत लाल झाल्या. मग त्यांनी चिंचोका पुढे धरून मालूला किती ते विचारलं. पोरीनं आधी बाईंकडे बघितलं, मग आजीकडे, आणि म्हणाली, एक. मग ती आम्हांला समजावून सांगायला लागली, की बाईंचं एक असतं, आजीचं लाभ असतं, बाईंना लाभ येत नाय, त्या हसतात, म्हणून तिथं गप बसायचं, पण आता आजीनं बाईंना लाभ शिकवलं. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर चूक माझी झाली म्हणाल्या. सोमवारपासून पाठवा म्हणाल्या. वन्सं, मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

बाहेर येते तो सासूबाई पिशवी झटकत होत्या. म्हणाल्या, पोर एवढी हुशार हाय, मंग तर मी न्हेतेच!

मालूनं चिंचोके घेतले. आई, बाबा आणि मी म्हणून तीन जवळ ठेवले, आजीचा लांब. मग आपला उचलून आजीजवळ नेला. इकडे दोन, तिकडे दोन. तिला ते पटलं नाही. आपला परत आणला, आणि आजीचाही ओढून आमच्यात ठेवला. चार झाले म्हणाली. असं आधीच का नाय केलं म्हणून आजीवरच रागावली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मलाही राहवलं नाही, पाया पडून म्हटलं, आता इथंच राहा. मनापासून म्हटलं हो, खोटं कशाला बोलू.

काल जगनभावजी निडीहून त्यांची वळकटी, पाटा-वरवंटा आणि दोन कोंबड्या पोचवून गेले. आज सकाळपासून सासूबाई मला तांदूळ मापायला शिकवताहेत, आणि माझ्या तोंडून दर वेळी लाभऐवजी ‘एक’च निघतं. आत्ताच जनीला सांगत होत्या, की नातीचं काय बघायला नको, पण या सुनेला शिकवायला मला जलमभर हितंच राहावं लागणार.

तुमच्या युक्तीची फळं भोगणारी,
सगुणा