खिशाचा रफू

५ मार्च
धाकट्याला नेलं! सकाळी साडेनऊला, तो दुकान उघडत असतानाच. दोन शिपाई आणि एक साहेब. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या घराचं कुलूप त्याने गेल्या आठवड्यात बदललं होतं, आणि परवा त्यांचं कपाट रिकामं झालं. कुलूप न तोडता! मग काय, किल्ल्या करणारा तोच चोर. संपला तपास.

शिपाई त्याला दंडाला धरून ओढत होते. साहेबांनीच थांबवलं – "अरे, माणूस आहे तो. चालत येईल." मग माझ्याकडे वळून, "ताई, घाबरू नका. दोन प्रश्न विचारून सोडतो." ताई म्हणाले! एवढ्या गोंधळात एक तरी भला माणूस भेटला.

धाकटा कामाच्या पॅन्टवरच गेला. तिच्या कमरपट्टीच्या आत मी त्याला किल्ल्यांसाठी एक चोरखिसा शिवून दिलाय. बाहेरून पत्ता लागत नाही. आई म्हणाली, "चौकीत फक्त हा शब्द तोंडातून काढू नकोस बाई."

६ मार्च
डबा घेऊन गेले. दारातच टेबल आणि टेबलामागे एक शिपाईबाई. हसलं तर पगार कापतील असा चेहरा. "किती वाजता आलात? डब्यात काय? सही करा." चमचासुद्धा लिहिला! मी तिचं नाव ठेवलं रजिस्टरबाई.

वर मलाच झापलं. "वकील मागितलात का? परवडत नसेल तर फुकट मिळतो. पण मागावा लागतो." मी म्हटलं, आम्ही काय चोर आहोत वकील करायला? तर म्हणे, "चोर नसाल तर जास्त गरज आहे."

काय ती जीभ!

साहेबांनी मात्र आत बसवून चहा दिला. म्हणाले, वकील आला की प्रकरण उगाच चिघळतं. "मला तो लहान भावासारखाच आहे, ताई." डोळे भरून आले माझे. वकील नको, असं सांगून टाकलं.

दुपारी कोर्टात उभा केला. तीन दिवस कोठडी. लांबूनच दिसला. मान खाली होती, पण नीट चालत होता. मी जिन्यावर बसून रडले आणि मग आईला जाऊन सांगितलं, "मजेत आहे."

७ मार्च
आज साहेबांचं थोडंसं ऋण फेडता आलं.

धाकट्याला भेटू देतील म्हणून गेले होते. भेट नाही – "आत्ताच झोपलाय, झोपू दे." बोलता बोलता माझी नजर साहेबांच्या छातीवरच्या खिशावर गेली. सवयच आहे मेली, माणसाच्या आधी कापड दिसतं! बटणाजवळ नखाएवढा तुकडाच गायब, बटणासकट. कडेचे धागे लोंबत होते. "दाराच्या खिळ्याला अडकला," म्हणाले. उद्या मोठे साहेब तपासणीला यायचेत. मी म्हटलं, द्या इकडे. शोधूनही सापडणार नाही असा रफू करून देते. नको नको म्हणत होते. मीच हट्ट धरला. शेवटी कपाटातला दुसरा शर्ट घातला आणि हा दिला.

बाहेर रजिस्टरबाईने पिशवी उघडायला लावली. "हा कोणाचा?" सांगितलं. बराच वेळ शर्टाकडे बघत राहिली. मग लिहिलं – गणवेशाचा शर्ट, खिसा फाटलेला, बटण नाही, दुरुस्तीसाठी बाहेर, अकरा चाळीस. आणि मला विचारते, "फाटलेलं नीट पाहून घेतलंत ना?" चाळीस वर्षं रफू करतेय आणि ही मला शिकवणार!

कापड जाड, वीण तिरपी. शर्टाच्या आतल्या शिवणीतूनच धागे काढले, म्हणजे रंगात तसूभर फरक नको. चार तास मान वर केली नाही. बटणही माझ्याकडचं, जुळणारं लावलं. उरलेले धागे नेहमीसारखे डबीत, वर चिठ्ठी – साहेब, ७ मार्च. शेवटी मलाच जागा शोधावी लागली! आईने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाली, "तुझ्या बापाच्या हाताची आठवण झाली." एवढं कौतुक आईच्या तोंडून वर्षात एकदा निघतं.

८ मार्च
शर्ट दिला. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. साहेब खिशावरून बोट फिरवत राहिले. "ताई, तुमच्या हातात जादू आहे. काही म्हणजे काही कळत नाही." मग म्हणाले, दोन ओळी लिहून द्या – भावाला चांगलं वागवलं, तक्रार नाही. मी दोन कशाला, पान भरून दिलं. मनापासून लिहिलं.

बाहेर येते तो काय, रजिस्टरबाईने परस्पर फोन करून फुकटवाली वकीलबाई आणलेली! एवढीशी पोर, हातात फाईल. तरातरा आत गेली. धाकट्याला म्हणाली म्हणे, तुझ्याविरुद्ध तूच बोलावंस अशी सक्ती कोणी करू शकत नाही. कबुलीच्या कागदावर सही करायची नाही. मग डॉक्टरकडे नेऊन तपासणीही करवली. साहेबांचा चेहरा उतरला. मला इतकी लाज वाटली! त्यांनी एवढं केलं आणि आमच्याकडून ही परतफेड.

९ मार्च
सुटला! सुटला! सुटला!

चोर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा पुतण्याच निघाला. दागिने विकायला गेला आणि सोनाराने ओळखले. धाकट्याने सही केली असती तर पुतण्याला कोणी शोधलंही नसतं, असं ती वकील पोर सांगत होती. असेल बाई. तिचेही आभार मानले, घाईघाईने. खरे आभार साहेबांचे. मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "अहो, हे काय! आमचं कर्तव्यच आहे."

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. मी म्हटलं, अरे, पाया पड त्यांच्या. हलला नाही. मी सगळ्यांदेखत ओरडले त्याला.

घरी आला तो आईने त्याला जवळ घेतलं. डावा हात वर होत नाही. "पडलो न्हाणीत," म्हणाला. बाकी काही नाही. पोटभर जेवला. आमच्या घरात चार दिवसांनी भांड्यांचा आवाज झाला. आज मला सगळं जग चांगलं वाटतंय, रजिस्टरबाईसुद्धा!

१० मार्च
दिवसभर झोपून होता. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना साहेबांबद्दल सांगत सुटलेय. आई म्हणाली, "आता त्यांचा फोटो लावायचा बाकी राहिलाय."

धाकटा ऐकत होता. कूस बदलली.

११ मार्च
त्याची पॅन्ट भिजवायच्या आधी कमरपट्टी उलटी केली. चोरखिशात काहीतरी बोटाला लागलं. वाटलं, किल्ली.

बटण होतं. त्याला नखाएवढं खाकी कापड.

डबी उघडली. ७ मार्चचे धागे शेजारी ठेवले. मला भिंग लागत नाही.

धाकट्यासमोर नेऊन धरलं. तो उठून बसला. मग म्हणाला, "पडताना त्यांचा खिसा हाताला लागला. तुकडा मुठीतच राहिला. तू त्यांना इतकं चांगलं म्हणत होतीस, ताई. कसं सांगू?"

माझी रफूची सुई कुठे गेली, कुठे आली, ते मला माहीत आहे. मीच उसवून दाखवीन. उद्या रजिस्टरबाईंकडे जाते. आधी त्यांचे आभार मानायचे. मग विचारायचं, अकरा चाळीसची ती नोंद आहे ना?