शेवटच्या गल्लीचं प्रमेय

नांदेड,
सोमवार, १८ एप्रिल २०१६

चि. रुद्राणीस,

सिंधुमॅडमचे आशीर्वाद. तुझ्या सासूबाई गुरम्माअक्कांना नमस्कार, लेकीला एक पापा. मी ठीक आहे. तुम्हीही ठीक असाल असं लिहायची पद्धत आहे, पण एप्रिलात उदगीरला कोण ठीक असतं?

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी काही सांगायला लागले की तू लगेच "असू द्या मॅडम" म्हणतेस, आणि मग मला ते असू द्यायला आवडतं. कागद मधे बोलत नाही.

आधी बातम्या. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, ते तू वाचलंच असशील. माझी बहीण घागर घेऊन रांगेत होती, तर पुढची बाई तिला विचारते, "मिरजेचं पाणी म्हणं हे. चवीला कसं हाय वो?" जणू हुरडा आलाय. तू माझ्याकडे पाण्याच्या पाइपांच्या जाळ्यांच्या गणितावर पीएच.डी. करत होतीस तेव्हा स्टाफरूममध्ये एक विनोद चालायचा, "पोरीकडं जाळं हाय, पाणी न्हाई." तो मीच पहिल्यांदा केला होता.

तुझे सासरे परवा दाळमिल बंद ठेवून इकडे आले होते, उदगीर जिल्हा व्हावा म्हणून निवेदन घेऊन. घरी चहाला आले. म्हणाले, "मॅडम, जिल्हा झाला की हितंच मोठं कॉलेज येतंय की. पोरीला बंगळूरला कशापायी धाडायचं?"

"कधी होतोय जिल्हा, ईश्वरप्पा?"

"होतोय की. पंधरा ऑगस्टला."

"कोणत्या सालच्या?"

त्यावर त्यांनी अजून अर्धा कप चहा मागितला. माणूस वाईट नाही. मार्चमधल्या मुलाखतीला त्यांनीच तुला गाडीत बसवून दिलं, हे मी विसरलेले नाही.

आता त्या मुलाखतीबद्दल.

गणित, संगणक नाहीतर अभियांत्रिकीत पीएच.डी. झालेल्या बायकांना तीन वर्षं पुढचं संशोधन करता यावं म्हणून ती बंगळूरची संस्था पैसे देते, मूल सांभाळायचा भत्ताही देते. पुढच्या वर्षी तू वयाच्या अटीत बसत नाहीस. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. गेल्या बुधवारी निवड समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. बोलल्या हिंदीत, मी आपल्या भाषेत सांगते.

"एक जागा उरली आहे आणि नावं दोन आहेत. तुमचं शिफारसपत्र माझ्यासमोर आहे. स्वभावाने शांत. वडीलधाऱ्यांची मर्यादा राखणारी. घर सांभाळून अभ्यास करणारी. मॅडम, आम्हाला सून करायची नाहीये. तिचं गणित कसं आहे?"

आमच्या विभागाच्या संगणकात शिफारसपत्राचे दोन नमुने आहेत. मुलांच्या नमुन्यात "तल्लख बुद्धीचा, स्वतंत्र विचारांचा" असतं. मुलींच्या नमुन्यात "शांत". वीस वर्षं मी फक्त नाव बदलते आणि सही ठोकते. वर वाटायचं, याहून मोठी शाबासकी ती काय द्यायची? दर रविवारी पेपरातल्या सदरात मी अख्ख्या गावाची सोंगं काढते. मुलींच्या नमुन्याची ही फाइल काही त्यात आली नाही.

त्या पुढे म्हणाल्या, "मुलाखतीत आम्ही तिला विचारलं, शोधनिबंधातली मुख्य कल्पना कुणाची? ती म्हणाली, सगळं मॅडमचंच आहे, मी फक्त लिहून काढलं."

रुद्राणी, तू हे म्हणणारच होतीस. आपल्याकडे जी पोरगी "माझं आहे" म्हणते तिला शिंगं फुटली म्हणतात. गुरूचं नाव पुढं करणं हा आपला नमस्कार असतो. त्यांनी तो उत्तर म्हणून लिहून घेतला.

मग त्यांनी मला विचारलं, "खरंच तुमचं आहे का?"

मी म्हणाले, वर्गावर जायचंय, नंतर बोलते. तास नव्हता. परीक्षा चालू आहेत, वर्गात फक्त बाकं होती.

इथवर आल्यावर सगळं त्या नमुन्यावर ढकलून पत्र संपवता आलं असतं. काल तसं एक लिहिलंही होतं. फाडलं.

तुझ्या माहेरी, लातूरला, तू एक अख्खा उन्हाळा बसलिंगप्पांच्या मागं हिंडलीस. ते नळाचं पाणी सोडायचे. कुठला व्हॉल्व्ह आधी फिरवायचा हे तू त्यांना विचारायचीस. ते म्हणाले होते, "टाकीपासून मोजलं की शेवटची गल्ली बोंबलत बसती, बाई. शेवटच्या गल्लीपासून उलटं मोजायचं." तू हे मला सांगितलंस तेव्हा मी हसले. तू घरी गेलीस आणि त्याचं गणित मांडलंस. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या क्रमानं, किती वेळ, आणि याहून कमी वेळात शेवटच्या घरी पाणी पोचूच शकत नाही याची सिद्धता. दोन महिने मी तुला ती चूक आहे म्हणून सांगत राहिले. सातव्या ओळीला लाल गोल केला होता. सातवी ओळ बरोबर होती. चूक मी करत होते.

निबंध छापायची वेळ आली तेव्हा माझं नाव पहिलं गेलं. लग्नपत्रिकेत जसं आधी वडीलधाऱ्यांचं नाव, मग नवरा-नवरीचं, तसं. तू काही बोलली नाहीस, मी विचारलं नाही. एवढं तर सगळेच करतात. पण नंतर प्राध्यापकपदाच्या बढतीच्या अर्जात एक रकाना होता: या निबंधात तुमचं स्वतःचं काम काय? मी लिहिलं, "मुख्य कल्पना व सिद्धता." ते सगळे करत नाहीत. ते मी केलं. बढती मिळाली, पेढे तूच वाटलेस.

म्हणून तुझ्या शिफारसपत्रात मला गणित लिहिता येईना. तुझं खरं लिहिलं की माझं खोटं दिसणार. तो शांत, सालस नमुना बरा वाटला त्याचं कारण हे आहे.

शनिवारी मी समितीला नवीन पत्र पाठवलं. त्यात तुझ्या स्वभावाबद्दल एक अक्षर नाही. कल्पना तिची, सिद्धता तिची, मी दोन महिने अडवली, नाव माझं पहिलं लागलं ते चुकीचं, एवढंच आहे. त्याची प्रत प्राचार्यांना नेऊन दिली. ते वाचून म्हणाले, "मॅडम, सात वर्षं राहिलीत रिटायर व्हायला. कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, आवक-जावकमध्ये नोंद करून घ्या. आता बढतीचं काय व्हायचं ते होईल. त्याची काळजी तू करायची नाहीस; तुला सवय आहे म्हणून मुद्दाम सांगते.

येत्या २७ तारखेला, बुधवारी सकाळी अकरा वाजता, समितीवाले तुला संगणकावर पुन्हा मुलाखतीला बोलावणार आहेत. प्रश्न तोच असेल. माझं पत्र एकटं पुरणार नाही. तू परत "सगळं मॅडमचं" म्हणालीस, तर ते म्हणतील, बाई केवढ्या मनाच्या, विद्यार्थिनीसाठी स्वतःचं श्रेय सोडतात. मी अजून मोठी होईन, आणि तू तिथंच जिल्हा व्हायची वाट बघत बसशील.

तेव्हा "माझं आहे" एवढंच म्हण. मॅडम नाही, आशीर्वाद नाही, कृपा नाही. सिद्धता मांडून दाखव म्हणाले तर सातव्या ओळीपासून सुरू कर. तिथं तुला कुणी अडवू शकत नाही.

त्या सकाळी मी फोन बंद ठेवणार आहे. आधी मला विचारावं असं तुझ्या मनात येईल. विचारायचं काही उरलेलं नाही.

तुझ्या प्रमेयाची पहिली वाचक,
सिंधु