गुरुवारची हाक

मंगळवार, दुपार

ती. ताईस नमस्कार.

खुशाली विचारत नाही. फोन तू कापतेस, म्हणून कागद घेतला. फार तर फाडशील, पण तुझा स्वभाव ठाऊक आहे, आधी वाचशील.

भिंगरीच्या पायाचं हाड काढून जबडा केला, हे भाऊजींनी सांगितलंच असेल. हाडासोबत त्याची रक्तवाहिनीही आणलीय आणि मानेतल्या वाहिनीला जोडलीय, केसाहून बारीक दोऱ्याने. मला गॅरेजात साधा पाइप जोडता यायचा नाही. मालक म्हणाला, "तू निघ रे बाबा," आणि मी निघालोच! असो, भरकटलो.

तर नर्स तासातासाला पेनासारखं यंत्र तिच्या शिवणीपाशी टेकवते. आतून आवाज येतो, फुस्स, फुस्स. म्हणजे रक्त वाहतंय, हाड जिवंत आहे. काल मी मुद्दाम फोन तिथे धरला. म्हटलं, ऐकू दे आईला. आणि तू? "मला नाही ऐकवत," म्हणून ठेवलास. ताई, जबडा मोडलाय पोरीचा, कान शाबूत आहेत.

गळ्यात नळी आहे, म्हणून बोलणं पाटीवर. तिने लिहिलं, "आईला माझी भीती वाटते?"

"छे गं, रेंज गेली."

तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी तुझ्यासारखं, खोटं पकडल्यावर बघतेस तसं. मग लिहिलं, "आता मी पायाने चावणार." माझीच समजूत काढत होती, कार्टी!

स्कूटर तू चालवत होतीस. घे, लिहिलं. घरात सगळे या वाक्याला वळसा घालून चालतात. तिला ते पहिल्यापासून माहीत आहे. आरसा मागून तिने चेहराही पाहिलाय. तू मात्र जिन्यापर्यंत येऊन परत फिरतेस, आणि वर रजा मिळत नाही हे कारण! तुझ्या अपराधीपणाचे लाड तिने किती दिवस पुरवायचे?

गुरुवारी सकाळी नळी काढणार. डॉक्टरबाई म्हणाल्या, ओठ अजून मिटत नाहीत, त्यामुळे "मामा" म्हणायला वेळ लागेल. "आई" मात्र लगेच येईल, त्याला ओठ मिटावे लागत नाहीत. तेव्हापासून बाईसाहेब भिंतीकडे तोंड करून बिनआवाजाचा सराव करतायत.

ती हाक मारेल तेव्हा खाटेशी मी एकटाच असलो, तर ओ देणार नाही. ती हाक माझी नाही.

इथून अजून न हललेला,
तुझा भटक्या