आई माझ्यासाठी कधी गायली नाही

मंगळवार, ९ जुलै

आई गेली त्याला तीन दिवस झाले. तिला दवाखान्याच्या शीतघरात ठेवलंय. अंत्यविधी तीन ऑगस्टला, शनिवारी. तोवर मंडप, लाल-काळी कापडं, जेवणावळी — सगळं मामा ठरवणार. घराण्याचा प्रमुख तो! मला म्हणाला, "अफ्रियी, तू थोरली. उशाशी उभं राहून विलाप तूच उचलायचा. पण तू... बघू."

बघू म्हणजे काय, ते अख्ख्या गावाला कळतं.

गुरुवार, ११ जुलै

मला गाणं कळत नाही. ऐकू येतं — पण भांडी घासल्यासारखं. एक सूर वर, दुसरा खाली म्हणतात. मला सगळे सारखेच. शाळेत बाई म्हणायच्या, "तू नुसते ओठ हलव!" चर्चमध्ये अजून तेच करते.

आणि आई? गावातलं एक मढं तिच्या विलापाशिवाय उठलं नाही. शेजारच्या गावांतून बोलावणी यायची. घरात मात्र तोंड मिटलेलं. माझ्यासाठी एक ओळ गायली नाही कधी. माझ्यावर गाणं वाया घालवायचं नव्हतं तिला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात — पण येतो राग!

मंगळवार, १६ जुलै

कुमासी शहरात जाऊन कान तपासून आले. डॉक्टरीण म्हणाली, कान ठणठणीत आहेत. खोट मेंदूत — सुरांचा चढउतार त्याला कळतच नाही. जन्मापासूनचं आहे. पुष्कळदा घराण्यातून येतं. औषध नाही.

मामाला सांगितलं तर उसळला. "आमच्या घराण्यात? रक्त आईकडून येतं, पोरी! आणि तुझी आई काय गायची! हे बापाकडचंच असणार." सेरवा मावशी, आईची धाकटी बहीण, म्हणाली, "मेलेल्या बापाला कशाला ओढतोस? फुफूचा गोळा खाऊ दे तिला."

रविवार, २१ जुलै

मामानं निकाल दिला. मावशीची मुलगी पोकुआ गाणार. मी मागे उभं राहायचं. "लोक हसले तर तुझ्या आईचीच अब्रू जाईल."

आणि थोरली गप्प राहिली तर? आईला हिनंच चेटूक करून खाल्लं म्हणतील!

नाही. मीच गाणार. एकदाच. आईसाठी.

शुक्रवार, २६ जुलै

कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून शिवणयंत्र चालू ठेवते आणि विलाप म्हणते. शब्द सगळे पाठ झाले.

शनिवार, ३ ऑगस्ट

पहाटे आईला सजवून निजवलं. मी उशाशी गेले. मामाकडे बघितलंच नाही. तोंड उघडलं — आई, मला कुणाच्या पदरात टाकून चाललीस...

शब्द बरोबर होते. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणीतरी. माझ्या सख्ख्या भावानं, ओपॉन्गनं, मान खाली घातली. पोकुआनं माझ्याहून मोठ्यानं विलाप उचलला आणि सगळ्या बायका तिच्यामागे गाऊ लागल्या. मी नुसते ओठ हलवत राहिले. आईसमोरसुद्धा!

नंतर मामा म्हणाला, "झालं समाधान?"

रविवार, ४ ऑगस्ट

चर्चला गेले नाही. उठवतच नाही.

सोमवार, ५ ऑगस्ट

मावशी आली. म्हणाली, "तुझी आई असती ना, त्या हसणाऱ्या भवान्यांना चपलेनं हाणलं असतं तिनं."

मी म्हटलं, "तिलाच माझी लाज वाटायची. घरात कधी गायली?"

मावशी म्हणाली, "अगं, तुला पाठीला बांधून ती गायला लागली, की तू किंचाळायचीस. पार काळीनिळी पडेपर्यंत! ती थांबली की तू थांबायचीस. बायका म्हणाल्या, पोरीला काहीतरी लागलंय, उतारा कर. ती म्हणाली, काही लागलेलं नाही. घरात मी आता गाणार नाही. पोरीला दुखतं."